अडखळणारा शेजारी

पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात माझ्याबरोबर लागलेला एक कोकणातला फिटर आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. बोलताना तो फार अडखळायचा. "राव, उद्या पा... पा..." एवढं झालं की मीच म्हणायचो, "पाळी बदलली?" तो मान हलवायचा. आपण त्याला मदतच करतो, असं मला वाटायचं.

एका दुपारी मी लवकर घरी आलो, तर आत कुणीतरी घडाघडा बोलत होतं आणि बायको खळखळून हसत होती. पाहतो तो हाच! माझ्या पाटावर बसून गावचा रेडा होडीत कसा चढवला ते सांगत होता. मला पाहताच त्याची जीभ अडकली.

तो गेल्यावर मी विचारलं, "तुझ्याशी बरा बोलतो गं?"

"मी मध्ये बोलत नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्याला एक शब्द तरी पुरा करू देता का?"

दुसऱ्या दिवशी तो घरी आला, तेव्हा मी ओठ मिटून त्याच्यासमोर बसलो. त्याला वेळ लागला, पण त्यानं गोष्ट पुरी केली. ऐकता ऐकता बायकोची तव्यावरची भाकरी करपली. मी रोज एवढा बोलतो, पण माझ्या बोलण्यापायी तिची भाकरी कधी करपली नाही.