म्हाताऱ्या तारांचे चाचा

“हात खिशात घाल आंधी!”

आमच्या हँगरमध्ये कुणीही नवा माणूस विमानाचं उघडं पॅनेल पाहायला वाकला, की चाचांकडून त्याला हे पहिलं वाक्य ऐकायला मिळायचं. मग तो मेकॅनिक असो, विमान शिकायला आलेली पोरगी असो की तपासणीला आलेला मोठा साहेब. सलाम-नमस्कार त्यानंतर. साहेब लोक दचकून खरोखरच हात खिशात घालत. मग चाचा मान हलवून म्हणत, “हां. आता पाह्य कितलं पाह्यतं तं. डोयांनं तार तुटत नाई.”

अमरावतीबाहेर तेव्हा विमान चालवायला शिकवणारी एक लहानशी संस्था होती. आता ती नाही. तिच्याकडे तीन विमानं होती आणि तिन्ही माझ्यापेक्षा वयानं मोठी. मी अकोल्याचा, या संस्थेत देखभालीचा इंजिनिअर होतो. चाचा बार्शीटाकळीचे. तरुणपणी हवाई दलात विमानांच्या विजेचं काम शिकले आणि उतारवयात गावाजवळ राहता येईल म्हणून आमच्याकडे आले. तिन्ही विमानांच्या तारा तपासायच्या, दुरुस्त करायच्या आणि वहीत सही करायची, हे त्यांचं काम. त्यांचं नाव मी लिहीत नाही. माझ्यामुळे ते एकदा कागदावर नको तिथे लिहिलं गेलं आहे. तेवढं पुरे.

तुम्ही कधी जुन्या विमानाचं पोट उघडं पाहिलं असेल तर ठाऊक असेल. आत तारांच्या जुड्या असतात, मेथीच्या जुडीसारख्या बांधलेल्या, मनगटाएवढ्या जाड. वर्षानुवर्षांच्या उन्हानं त्यांच्यावरचं आवरण कडक होतं. आमच्या टिनाच्या हँगरमध्ये वैशाखात हात ठेवाल तिथे चटका बसायचा. अशा उन्हात पिकलेली तार दिसायला धडधाकट असते, पण वाकवली की वाळल्या तुरीच्या शेंगेसारखी तडकते. नुसतं वाकवायचाच अवकाश. म्हणून चाचा तिला हात लावू देत नसत. काडीला बांधलेला गोल आरसा आणि बॅटरी घेऊन ते विमानाखाली पाठीवर आडवे पडत आणि जुडीची खालची बाजू आरशात बघत. अर्धा अर्धा तास.

एकदा एका नव्या मेकॅनिकनं नीट दिसावं म्हणून जुडी बोटानं पुढे ओढली. चाचा विमानाखालून सरपटत बाहेर आले. “काहून बे, तुह्या घरी आजी हाये का?”

“हाय ना चाचा.”

“तिची तब्येत पाह्याची असंन तं तिले हाताले धरून आंगनात ओढत आनतं का? का जिथं बसली तिथं जाऊन पाह्यतं?”

पोरगा हसला. चाचा हसले नाहीत. त्यांनी वही मागवली आणि त्या जागेचा नंबर घालून त्याच्याच हातानं लिहून घेतलं, की आज अमक्यानं ही जुडी हलवली. मग दुपारभर ती जुडी वीतवीत तपासली. हा त्यांचा दुसरा नेम. हात लावू नये, आणि लावलाच तर लिहावं.

चिवड्यावरून तर त्यांनी एका शिक्षक-वैमानिकाशी आठ दिवस अबोला धरला होता. त्यांना एका सीटखाली शेंगदाणा सापडला. “एक दाना पडला का उंदीर येते. उंदीर आला का तार खाते. मंग वर गेल्यावर तुमी चिवडा खासान का कलमा वाचसान?” आठव्या दिवशी त्या सरांनी हँगरबाहेर बाभळीखाली बसून चिवड्याचा डबा उघडला आणि चाचांना मोठ्यानं हाक मारली. चाचा गेले, दोन मुठी चिवडा खाल्ला, हात साबणानं धुतले, रुमालाला पुसले आणि मगच आत आले.

आता फडक्याचं सांगतो. ते सांगायलाच मी बसलो आहे आणि मघापासून चिवड्यावर वेळ काढतो आहे.

विमानात काही बसवायला भोक पाडायचं असलं की चाचा आधी खालच्या तारांवर ओलं फडकं अंथरत. ड्रिलचा कीस त्यावर पडे. मग फडक्याची चारी टोकं उचलून, बाळ उचलावं तसं ते बाहेर नेत. कारण कीस म्हणजे धातूच्या बारीक सुया. एखादी जुडीत शिरली तर इंजिनाच्या थरथरीनं रोज थोडी थोडी आवरणात रुतत जाते. एक दिवस आतल्या तांब्याला टेकते.

तिन्ही विमानांना नवे रेडिओ बसवायचे होते. दुसऱ्या दिवशी परीक्षेची उड्डाणं होती. चाचा मुलीच्या सोयरिकीसाठी बार्शीटाकळीला गेलेले. मी एका दिवसात तिन्ही विमानांना भोकं पाडली. फडकं अंथरलं नाही. ते भिजवायला नळापर्यंत जावं लागत होतं, एवढंच कारण. दुसरं काही मोठं कारण असतं तर आज बरं वाटलं असतं. जो कीस दिसला त्यावर मी फुंकर मारली. तो दिसेनासा झाला. वहीत छापलेल्या रकान्यापुढे, ‘तारा झाकल्या’ या शब्दांपुढे, मी बरोबरची खूण केली.

पंधरा दिवसांनी चाचांची तपासणी आली. त्यांनी आरशातून भोकाखालची जुडी पाहिली आणि सही केली. माझ्या फुंकरेनं कीस जुडीच्या पोटात गेला होता. तो कोणत्या आरशात दिसणार?

पुढे दोन महिन्यांनी एक शिकाऊ मुलगी आणि चिवड्यावाले सर अकोल्याकडे उडत असताना त्यांच्या पायाशी धूर झाला. सरांनी वीज बंद केली आणि विमान अकोल्याच्या धावपट्टीवर उतरवलं. दोघं सुखरूप उतरली. दोन तासांनी मी जीप घेऊन पोचलो तेव्हाही ती मुलगी धावपट्टीच्या कडेला गवतात बसून पाण्याची बाटली नुसती हातात धरून होती. झाकण उघडायचं तिच्या लक्षात नव्हतं.

संस्थेनं चौकशी केली. जळालेल्या जागी काळ्या ठिपक्याखेरीज काही उरलं नव्हतं. तार जुनी होती, आवरण घासलं असणार असं ठरलं, शेवटची सही चाचांची होती. संस्थेच्या मोठ्या साहेबांनी मला विचारलं, “तुम्ही रेडिओ बसवलात तेव्हा तारा झाकल्या होत्या?”

“हो,” मी म्हणालो. “फडकं अंथरलं होतं.”

चाचा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. आपण शिकवलेलं पोरगं नीट शिकलं, असं. त्यांना शंकासुद्धा आली नाही. मग ते साहेबांना म्हणाले, “मंग चूक माहीच असंन, साहेब. मलेच दिसलं नसंन.”

‘तपासणीत दोष यांच्या निदर्शनास आला नाही’ असा शेरा त्यांच्या नावापुढे पडला आणि त्यांना घरी बसवलं. जाताना ते आरसा तेवढा घेऊन गेले.

मी त्यानंतर काय केलं तेही लिहितो. बाकीच्या दोन विमानांत माझा कीस तसाच होता. विमानाचा आवाज आला की मी मिनिटं मोजत बसायचो, उतरलं का, उतरलं का. शेवटी दोन रविवारी, हँगरमध्ये कुणी नसताना, मी पॅनेलं उघडली. जुड्या उचलल्या, फिरवल्या, ब्रशनं आणि चिमट्यानं कीस काढला आणि सगळं होतं तसं बसवून टाकलं. वहीत एक अक्षर लिहिलं नाही. लिहिणार काय? मला वाटलं, फेडलं आपण.

पण चैन पडेना. आठ महिन्यांनी एका गुरुवारी मी मोटारसायकल काढली आणि बार्शीटाकळीला गेलो.

चाचांनी शेतीच्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं. “या साहेब,” ते म्हणाले. पूर्वी मला ‘बाबू’ म्हणायचे. टेबलावर तांब्याच्या तारेची रिळं होती आणि शेजारी ओळीनं तीन चष्मे.

“इतले चष्मे कायले, चाचा?” काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

“हा अकोल्याच्या डॉक्टरचा. थो म्हने डोये चांगले हायेत, नंबर बी तोच हाये. मले पटलं नाई. दुसऱ्याकडं गेलो. थो बी तेच म्हने. मंग हा तिसरा.”

“पण चांगले हायेत म्हनतात तं...”

“चांगले कसे असतीन?” चाचा शांतपणे म्हणाले. “थे जुडी मी अर्धा घंटा पाह्यली होती, साहेब. आजबी डोये मिटले का थे आरशात दिसते मले. एक एक तार दिसते. घासलेली जागा तं दिसतच नाई. मंग डोयेच गेले असतीन, नाई तं काय?”

मी सांगून टाकलं. नळ, फडकं, फुंकर, वहीतली खूण, साहेबांपुढचं ‘हो’. खाली बघूनच सांगितलं. बाहेर रस्त्यावर ऑटोवाला अकोला, अकोला ओरडत होता.

ते शिव्या देतील असं वाटलं होतं. रडतील असंही वाटलं होतं. चाचांनी विचारलं, “बाकीच्या दोन इमानाइले बी तूनंच भोकं पाडले ना?”

“हो. पण त्यातला कीस मी काढला, चाचा. दोन रविवार लावून.”

“कसा काढला?”

“जुडी उचलून. जरा फिरवून.”

“लिहिलं?”

मी नकारार्थी मान हलवली.

चाचा उठले. स्टूल मागे पडलं. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. “अबे, म्हाताऱ्या तारा फिरवल्या तूनं! आन् लिहिलं नाई! पुढं जो पाह्यीन थो काय समजीन? का ह्या जुडीले कोनं हात नाई लावला. आरशात पाह्यीन, चांगली दिसंन, सही करीन. आखीन एक चाचा तयार करून राह्यला काय तू?”

“चाचा, मी...”

“आज उडून राह्यले का थे इमानं?”

“हो. शनिवारपर्यंत रोज उडतात.”

“मंग इथं बसून माही माफी कायले मांगून राह्यला? फोन लाव!”

मी साहेबांना फोन लावला. चाचा माझ्यासमोर उभे होते, माझ्या ओठांकडे बघत. दोन्ही विमानं थांबवा, म्हणालो. का, म्हणून त्यांनी विचारलं. सांगितलं. सगळं सांगितलं. त्यातलं एक विमान धारणीच्या बाजूला गेलेलं होतं. ते उतरल्याचा उलटा फोन येईपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ आम्ही दोघं दुकानात उभेच होतो.  फोन आल्यावर चाचांनी पडलेलं स्टूल उचललं आणि म्हणाले, “आता जा. जे बोलला थे लिहून दे.”

लिहून दिलं. माझी सही करण्याची परवानगी काढून घेतली गेली, ते योग्यच झालं. दोन्ही विमानांतल्या जुड्या सोडवून पाहिल्या. एकीत काही नव्हतं. दुसरीत, वळणावर, शेजारी शेजारी तीन तारा तडकल्या होत्या. साहेबांनी मला फोटो दाखवला. मी जिथे अंगठा रोवून जुडी फिरवली होती, बरोबर तिथे. कीस निघाला होता आणि आत तांबं दिसत होतं.

चाचांच्या नावापुढचा शेरा संस्थेनं रद्द केला. तसं पत्र दिलं, आणि परत कामावर या अशी विनंतीही. ते पत्र पोचवायचं काम मी मागून घेतलं.

चाचांनी पत्र सावकाश वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. चहा मागवला. मला पुन्हा ‘बाबू’ म्हणाले. मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तुले यावंच लागते म्हणाले.

“मंग कधी येता, चाचा?” मी विचारलं. “नवा माणूस मिळून नाही राहिला. सगळे वाट पाहत आहेत.”

“मी नाई येत, बाबू.”

“अजून राग आहे?”

“तुह्यावर? नाई रे बाप्पा.” त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, पण प्यायले नाहीत. “पह्यले मी पाह्यलं का मले पटे. सही करो आन् घरी जाऊन झोपो. आता पाह्यतो, मंग पुन्हा पाह्यतो. तरी पटत नाई. आठ महिने डोयाले दोष देला ना. आता तू म्हनतं डोये चांगले होते, कागद बी म्हनते. पन डोयाले कोन सांगीन?”

मी चहा संपवला. 

मी निघालो. रस्त्यापलीकडे मोटारसायकल लावली होती, तिथे उभा राहून हेल्मेटचा पट्टा बांधत होतो. दुकानापुढे जवळच्या कान्हेरी गावचा एक शेतकरी पंपाची मोटार न्यायला आला होता. चाचांनी मोटारीचं झाकण बसवलं, चारी स्क्रू आवळले. शेतकऱ्यानं दोन्ही हातांनी मोटार उचलायला घेतली.

“झालं ना, चाचा? नेऊ?”

“थांब जरा,” चाचा म्हणाले. “एकडाव पाह्यतो.”

त्यांनी चारी स्क्रू काढले, झाकण उघडलं, बॅटरी लावून आत पाहिलं. झाकण बसवलं. स्क्रू आवळले. शेतकरी पुन्हा वाकला. चाचांनी मोटारीवर हात ठेवला आणि पहिला स्क्रू पुन्हा सोडवायला घेतला.