आईवरनं

डाळीचं टोपलं हातातनं निसटलं. डाळ मळक्या फरशीवर पसरली. मालक गादीवरनं उठून आला आणि माझ्या पाठीत लाथ घातली.

"तुझ्या मायला! कुणाखाली निजून काढली गं तुला तिनं?"

माझी आई मरून दोन महिने झाले होते. मुरुम गावातल्या याच डाळमिलमध्ये तिचं आयुष्य गेलं. ती अशा शिव्या मान खाली घालून ऐकायची. मी ऐकणारी नव्हते. माझं तोंड अख्ख्या गल्लीला माहीत. माझ्या पोरीला जेवायला हाक मारायची तरी शिवीनंच.

मीही त्याच्या आईवरनं दिली. लई घाण. बायका पदरात तोंड घालून हसल्या. मग एकदम गप्प झाल्या.

दारात मालकाची म्हातारी आई उभी. घर मिलच्या मागंच, लेकाचा डबा घेऊन आलेली. सगळं ऐकलेलं.

"बाई, तुला बोलला तो. म्या तुझं काय केलं?"

तेवढ्यात मालकानं माझे केस धरले, तोंड भिंतीवर आपटलं. दात पडला. म्हातारी ओरडत होती, "सोड तिला!" कुणी हललं नाही.

नळावर रक्त थुंकत बसले. आजवर दिलेल्या शिव्या आठवत गेल्या. भांडण कुणाशीही असो, शिवीत बाईच. कुणाची तरी आई, कुणाची तरी बहीण, जिचा काही संबंध नाही. सकाळीच पोरीला रांड म्हणाले होते. वेणी घालताना हलली म्हणून. नऊ वर्षांची पोर. मालकाची लाथ लागली नव्हती इतकं ते लागलं.

तिसऱ्या दिवशी कामावर गेले. तोंड सुजलेलं. मालकानं बघितलं.

"आली का, तुझ्या मायला—"

डाळ ओढायचं लोखंडी फावडं हातात होतं. जिभेवर शिवी आलीच. गिळली.

"मालक, मला बोला. कामाचं बोला. मेलेल्या आईला मधी घेऊ नका."

"तुझ्या आईला तर—" त्यानं हात उगारला. मी फावडं फिरवलं. मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसून बोंबलायला लागला. माझ्या तोंडातनं शिवी गेली नाही.

काम गेलं. केस झाली. चौकीत हवालदार आईवरनंच सुरू झाला. म्हणलं, "साहेब, गुन्हा लिवा. माझ्या आईनं फावडं मारलं न्हाय."

आता दुसऱ्यांच्या रानात खुरपते. सवय सुटता सुटत नाही. घरात अर्धी शिवी अजून ओठावर येते, पोर टक लावून बघते, मी ओठ चावते.

कोर्टात विचारतील, पस्तावा होतोय का. होतोय, म्हातारीला बोलले त्याचा. मनगटाचा नाही. मारायची वेळ आली तर परत मारीन, ज्यानं केलं त्यालाच, समोरून. आणि माझ्या पोरीचं नाव कुणी शिवीत घेतलं, तर त्यानं आधी माझे हात बघावेत.