चन्नप्पामामांचा कौल

चन्नप्पांच्या हातांना वास यायचा. मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं ज्या हॉलमध्ये प्रेतं उघडून माणसाचं शरीर शिकतात, त्या हॉलचे ते अटेंडंट. बत्तीस वर्षं फॉर्मॅलिनमध्ये हात. घरी आले की लिंबू चोळून धुवायचे, तरी त्यांची बायको दानम्मा त्यांना शेंगाचटणीच्या बरणीत बोट घालू द्यायची नाही. "चमचा घ्या," म्हणायची, "तितला वास तितंच ऱ्हाऊ द्या."

आमची ओळख नाटकामुळे झाली. एका नाटकात तिसऱ्या अंकाला मी मरायची. त्या दिवशी प्रयोग रंगला, टाळ्या पडल्या, आणि विंगेत एक हडकुळा माणूस हात जोडून उभा.

"बाईसाहेब, मेला छान. पन पाय चुकले."

मी चकित! आजवर माझ्या पायांवर कुणी टीका केली नव्हती.

"मेलेल्याचे पाय असे वर बघत न्हाईत. दोन्हीकडं भाईर पडत्यात. आनि कुनीतरी झाका की ते! एवढी मान्सं रडत हुती, एकाचाबी हात चादरीकडं गेला न्हाय."

पुढच्या प्रयोगापासून मी पाय बाहेर टाकले, आणि माझ्या मुलाचं काम करणाऱ्या नटाला चादर ओढायला लावली. तो चादर ओढायचा तेव्हा थिएटरात जी शांतता पडायची, ती अजून माझ्या कानांत आहे. माझा दौऱ्यांचा काळ संपला तेव्हा याच चन्नप्पांनी मला त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या मिळवून दिल्या. तेव्हापासून संध्याकाळचा चहा त्यांच्या व्हरांड्यात.

पोरं त्यांना 'मामा' म्हणायची. पहिल्या दिवशी मामा दाराशी उभे राहून बघत. "चक्कर येऊन पडतो त्यो वाईट न्हाय," ते सांगत. "त्यो उठतो आनि टिकतो. मी बघतो शेवटाला. तास संपला की पोरं पळत्यात. प्रेत झाकायचं काम माझं, त्यांचं न्हाय. पन शंभरात धा-बारा असत्यात, जाता जाता त्यांचा हात आपसूक चादरीकडं जातो. त्ये डाक्टर हुनार. बाकीचे पास हुनार."

ही कीर्ती पसरली. बारावीच्या मुलांना घेऊन आईबाप यायचे. सोलापुरातल्याच जुळे सोलापूर वस्तीतून यायचे, एकदा तर नातेपुत्याहून एक कुटुंब जीप करून आलं. "मामा, बघा की, जमेल का पोराला?" मामा मार्क विचारत नसत. मुलाला बसवायचे, घरात कोण आजारी पडलं होतं, तेव्हा तू काय केलंस, एवढंच विचारायचे. मग तोंडावर सांगायचे. एका वकिलांच्या मुलाला म्हणाले, "न्हाय जमनार." वकीलसाहेब तांबडेलाल. "शिपायानं सांगायचं होय मला?" ते तरातरा निघून गेले. मुलगा दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून घरी आला, तेव्हा वकीलसाहेबांच्या पत्नी गुपचूप येऊन मामांच्या पाया पडल्या.

आणि मग त्यांची स्वतःची नात आली.

दाक्षायणी, मुलगा महेश्वरची एकुलती एक. हुशारी अशी की 'नीट' परीक्षेत पहिल्याच खेपेला सहज मेडिकल मिळेल एवढे मार्क. महेश्वरने गल्लीत पेढे वाटले. दोन दिवसांनी पोरगी एकटीच स्कूटीवरून आली. चन्नप्पांना निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी चहा घेत होते. ती सरळ आजोबांच्या, तिच्या अज्जांच्या, समोर पाटावर बसली.

"अज्जा, सगळ्यांना सांगता तसं मला सांगा. मला जमेल का?"

"का गं अव्वा? मार्क तर लई पडलेत की."

"मार्कांचं नाही विचारत." तिचा आवाज स्वच्छ होता. "मला संख्याशास्त्र आवडतं. एका खोलीत बसून आकडे सोडवायला मला कंटाळा येत नाही. माणसांचा येतो. दानम्माअज्जी आजारी होती तेव्हा सगळे तिच्यापाशी बसले होते. मी गच्चीवर जाऊन बसले. कुणी कण्हायला लागलं की मला तिथून उठावंसं वाटतं. मी वाईट आहे असं नाही, पण मी तशी आहे. तुम्ही नाही म्हणालात तर बाबा ऐकतील. तुमचंच ऐकतील."

एवढा प्रामाणिक संवाद मी रंगमंचावरसुद्धा ऐकला नव्हता. हातातली बशी कलली, चहा पदरावर सांडला. उत्तर तर स्पष्ट होतं. असल्या मुलांना चन्नप्पांनी आजवर किती हळुवारपणे वाचवलं होतं!

चन्नप्पांनी वाकून कप खाली ठेवला. कपाकडे बघतच म्हणाले, "जमंल."

"खरं सांगताय ना?"

"मी कुनाला खोटं सांगितलंय का आजवर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुसत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं घडाघडा म्हटली, त्या दिवशी माझं स्वतःचं एक वाक्य मला म्हणता आलं नाही.

"बरं," म्हणाली आणि गेली.

"चन्नप्पा, हे काय केलंत तुम्ही?" मी विचारलं.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बत्तीस वर्सं मागच्या दारानं आत गेलो, बाई. बादली घिऊन. एकदा आमच्यातलं कुनी फुडच्या दारानं जाऊ दे की."

तिच्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी ते नव्या अटेंडंटला विनंती करून हॉलच्या दाराशी उभे राहिले. पांढऱ्या कोटातली नात बघून त्यांचा ऊर भरून आला, असं त्यांनीच सांगितलं. तिला चक्कर आली नाही. तिने सगळं नीट पाहिलं, विचारलं त्याचं उत्तर दिलं. तास संपला. ती वही घेऊन सर्वांआधी बाहेर पडली. मामांनी आत जाऊन तिच्या टेबलावरची चादर ओढली. संध्याकाळी चहाला आले तेव्हा दोन वर्षांनी पुन्हा त्यांच्या हातांना तो वास होता. त्यानंतर कुणी मुलाला घेऊन आलं की ते आतूनच सांगायचे, "मामा झोपलेत म्हनावं."

दाक्षायणी डॉक्टर झाली. वाईट डॉक्टर नाही, हे सांगितलंच पाहिजे. तिचं निदान चुकत नाही, औषध चुकत नाही. पण एकदा मला म्हणाली होती, "मालतीअज्जी, सकाळी डोळे उघडले की पहिलं मनात येतं, आज मला कुणी हाक मारू नये." चोवीस वर्षांची पोर!

या वर्षी चन्नप्पांचं हृदय थकलं. पाय सुजले, श्वास पुरेना. तिच्याच हॉस्पिटलात ठेवलं. मी दुपारची डबा घेऊन जायची. परवा ती राउंडला आली. पायांवरची चादर बाजूला केली, घोट्यावर अंगठा दाबला, सूज किती उरली ते पाहिलं, सिस्टरला औषध बदलायला सांगितलं. सगळं अचूक.

चन्नप्पांनी तिचा हात धरला. "दाक्षी, त्या दिशी मी खोटं सांगितलं गं."

"मला माहीत होतं, अज्जा."

"आँ?"

"तुम्ही माझ्याकडे बघून बोलला नाहीत. वकिलांच्या मुलाला डोळ्यांत बघून सांगितलं होतंत, ते तुम्हीच सांगायचात." तिचा आवाज तोच, स्वच्छ. "मला वाटलं, जो माणूस कधीच खोटं बोलत नाही तो माझ्यासाठी बोलतोय, म्हणजे त्याला हे किती हवं असेल. म्हणून गेले."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईने "ओ मॅडम" म्हणून हाक मारली. दाक्षायणीने क्षणभर डोळे मिटले. मग हात सोडवून घेतला आणि त्या खाटेकडे गेली, तिथून पुढच्या वॉर्डात.

चन्नप्पांचे सुजलेले पाय उघडेच राहिले होते. मी चादर घ्यायला वाकले.

"नगा, बाई," ते म्हणाले. "ते काम माझं हाय."

कोपरावर जोर देऊन ते उठू लागले. हात पुढे केला. तो गुडघ्यापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला; चादर अजून वीतभर पुढे होती.