साहेबांसाठी सारवलेली खोली

तुमच्या गावचा एक खाजगी दवाखाना तपासणीनंतर बंद झाला, असं तुम्ही कळवलंत, तेव्हा मला मावशीचं सूतिकागृह आठवलं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. मावशी विधवा, नागपूरला नर्सिंग शिकून तिने अमरावतीत भाड्याच्या घरात चार खाटा टाकल्या होत्या. परवानगी टिकवायची तर सिव्हिल सर्जनच्या, म्हणजे जिल्ह्याच्या इंग्रज डॉक्टर साहेबांच्या, तपासणीतून जावं लागे. मी अकोल्याहून शिकायला तिच्याकडे आले होते. मला इंग्रजी येई, म्हणून साहेबांपुढे दुभाषी मीच.

घराची जमीन मातीची होती. मावशी ती झाडून फिनेल शिंपडे. बाळंतिणीच्या खोलीत शेण आणायला तिची सक्त मनाई होती, कारण शेणातून नवजात बाळाला धनुर्वात होतो; जबडा आवळतो आणि दूध पिणं सुटतं.

तपासणीच्या दिवशी खोलीत वलगावची एकच बाळंतीण होती, आदल्या दिवशी मुलगा झालेली. सोबत तिची आई. आम्ही पुढच्या खोलीत कात्र्या, चिमटे उकळत होतो. साहेब आले आणि खोलीच्या दारातच थांबले. जमीन ओली, हिरवट, नुकती सारवलेली होती.

हे कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. बाळंतिणीची आई कौतुकाच्या अपेक्षेने पुढे आली.

“मीच सारवलं ना बाई. एवढा मोठा साहेब येऊन राहिला, अन् जमीन तशीच ठेवाची का?”

त्यानंतर बाळाला हात लावला का, हे साहेबांनी माझ्याकडून विचारून घेतलं. बाळ ओलं झालं होतं, म्हणून तिने बेंबीची पट्टी बदलली होती. हात नुसत्या पाण्याने धुतले होते. मी सांगितलं, तसे साहेब स्वतः खाली बसले. पट्टी सोडून त्यांनी बेंबी आयोडीनने पुसली. मग मावशीला सांगायला म्हणाले, परवानगीचं नंतर पाहू. मूल दूध पितं की नाही ते मला रोज कळवा.

त्या दिवसापासून मावशी प्रत्येक वेळी बाळाला पाजताना खाटेशी उभी राहू लागली. बाळाच्या आजीला त्याची गंमत वाटे.

“बाई, तुमी तर माया नातवाच्या तोंडाकडे सावकारासारख्या पाहून राहिल्या.”

पाचवीची पूजा झाली. आजी बारशाला कोणाला बोलवायचं ते ठरवू लागली. मावशी मात्र जेवताना मध्येच उठून आत जाऊन येई.

मग एका सकाळी बाळंतिणीने हाक मारली. “बाई, हा दूध कावून नाही धरून राहिला?”

मावशीने बाळाच्या ओठांत करंगळी घालून पाहिली. जबडा उघडेना. तिने मला टांगा घेऊन साहेबांकडे पिटाळलं.

साहेबांना घेऊन मी परतले, तेव्हा मावशी स्टुलावर चढून दारावरची सूतिकागृहाची पाटी काढत होती.

“पाटी कावून काढता, बाई?” आजी खाली उभी राहून विचारत होती.

मावशी पाटी घेऊन खाली उतरली. साहेबांना वाट देऊन ती त्यांच्यामागोमाग आत गेली आणि दार लोटून घेतलं.