वन्संसमोर वाचलेलं प्रकरण

मुलगी आठवीत आणि मुलगा सहावीत असताना आम्ही तिघं संध्याकाळी एक इंग्रजी कादंबरी मोठ्याने वाचायचो. मुलं अडली की मी मराठीत सांगायचे. त्या कादंबरीतल्या शहरात एक कायदा होता. घरात कोण काय बोललं, ते मुलांनी रोज सरकारला कळवायचं. माझ्या मुलांना तो भलताच आवडला. दोघं घरभर 'खबर' देत फिरू लागली आणि मीही हसायचे.

त्याच सुमारास माझ्या मोठ्या नणंदबाई वणीहून दोन दिवस राहायला आल्या. येताना त्यांनी पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. चहा होत होता, तेवढ्यात मुलगा ताठ उभा राहिला. "खबर! आत्या येणार म्हटल्यावर आई म्हणाली, आता दोन दिवस डोकं उठणार."

"अहो वन्सं, तो पुस्तकातला खेळ आहे," मी कसंबसं म्हटलं. खेळ पुस्तकातला होता, पण वाक्य माझंच होतं.

वन्सं शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोणतं गं पुस्तक? वाच की, मीपण ऐकते."

मला वाचून मराठीत सांगावं लागलं. प्रकरण नेमकं आईची खबर देणाऱ्या मुलीचं निघालं. मान वर करायचा धीर होईना. वन्सं मात्र मुलाला कुशीत घेऊन शेवटपर्यंत ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पिशवी भरली.

"आजचा दिवस राहा ना," मी म्हटलं.

"शेतात कामं पडलीत गं," त्या म्हणाल्या आणि एसटीला निघाल्या.