‘काहून’ पुसलेली भिंत

नदीकाठच्या भिंती रंगवायचं ठरलं, तेव्हा सुशोभीकरण समितीने मजकूर तपासायला मला घेतलं. मी अकोल्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा गावात दरारा आहे. खोटं कशाला सांगू, मी हुरळून गेलो होतो.

जुन्या शहराच्या पुलाजवळची भिंत एका वयस्कर पेंटरकडे होती. फ्लेक्स आले आणि त्याच्या ब्रशला काम उरलं नाही, म्हणून ही भिंत तो जीव ओतून रंगवत होता. त्याने मोर्णा नदी काढली होती, काठावर मेथीच्या जुड्या धुणारी बाई काढली होती. आणि खाली हातभर उंच अक्षरांत लिहिलं होतं, ‘काहून टाकता बाप्पा कचरा? नदीले बी जीव हाये.’

माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पुण्याहून नगररचनेची तज्ज्ञ मंडळी भिंती बघायला येणार होती.

“हे काय लिहिलंय? ‘का’ऐवजी ‘काहून’ हा काय शब्द आहे?”

“आमी तं तसंच बोलतो, सर. अन् हे माह्यं नाई. इथं एक माय भाजी घेऊन बसते, तिनं सांगतलं. मले लय आवडलं.”

ती माय कोण, हे मला विचारावं लागलं नाही. लहानपणी आमच्या मळ्यातल्या पाटात काही टाकलं की हेच वाक्य पाठीत धपाट्यासोबत यायचं. मी नोकरीला लागलो तरी तिने भाजीची पाटी सोडली नव्हती, आणि कॉलेजला जाताना मी हा पूल टाळायचो. गर्दी असते, असं बायकोला सांगायचो.

‘ती माझी आई आहे’ एवढंच मी त्या पेंटरला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “पाहुण्यांसमोर शोभा होईल. शुद्ध लिहा.”

त्याने त्या अक्षरांवर पांढरा हात मारला आणि मी सांगितलं ते लिहिलं: ‘कृपया नदीपात्रात कचरा टाकू नये.’ पाहुणे आले, त्या भिंतीपाशी थांबलेसुद्धा नाहीत.

रविवारी आईने हात धरून मला पुलाजवळ नेलं. “माह्यं बोलणं लिवलं रे भितीवर. चाल, पाहून घे.” तिला वाचता येत नाही. पेंटर तिथेच पुढच्या भिंतीला अस्तर देत होता. वाक्य बदललं हे तिला सांगायचा धीर त्यालाही झाला नसावा.

ती अक्षरांखालून बोट फिरवत आपलं वाक्य म्हणू लागली. ‘नदीले’वर आली आणि भिंतीवरची अक्षरं संपली. बोट तिथेच थांबलं.

“पुरं नाई लिवलं काय रे? वाच बरं तू.”

खरं सांगायची हीच वेळ होती. पण मी भिंतीकडे बघत वाचलं, “काहून टाकता बाप्पा कचरा? नदीले बी जीव हाये.” कित्येक वर्षांनी चारचौघांत मी घरची भाषा बोललो, तीही खोटं बोलायला.

पेंटर माझ्याकडे बघतच राहिला.

“माहा पोरगा हाये,” आई त्याला म्हणाली. “मराठी शिकवते.”

“ठाऊक हाये, माय,” तो ब्रश निथळवत म्हणाला. “यायनंच तपासलं ना हे.”

आईचा चेहरा फुलला. “मंग त्याच्यात चूक काहून राहीन?”