निवळायला ठेवलेला समुद्र

सकाळचं कोवळं ऊन काचेच्या टाकीत शिरलं, की एरवी थेट तळाच्या वाळूपर्यंत पोचायचं. त्या सकाळी ते वरच अडकलं. पाणी पांढुरकं झालं होतं, तांदळाच्या धुवणासारखं. त्या दुधाळ धुक्यातून एखादा पट्टेरी मासा क्षणभर दिसे आणि पुन्हा हरवून जाई. हवेच्या पंपाचे बुडबुडे मात्र कशाचीच खबर नसल्यासारखे खिदळत वर येत होते. ओल्या मिठाचा किंचित आंबूस दर्प खोलीभर पसरला होता. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि ओरडलो, "हेमा, वाट लागली!"

आमच्या संसाराचं ते पहिलं वर्ष. घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागण्याचे ते दिवस. नाहूरच्या आमच्या चिमुकल्या दिवाणखान्यात त्या जागी समुद्र आला होता. त्याला कारण हेमा. ती वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, मी गिरणीत राबलेल्या कोकणी बापाचा मुलगा. एकाच कचेरीत ती टंकलेखन करी, मी नकाशे काढी. आम्ही लग्न ठरवलं तेव्हा तिच्या वडिलांनी तिला एवढंच म्हटलं, "तुझा तू बघ," आणि ते नोंदणीला आले नाहीत, नंतर घरीही नाही. आई तर तिची लहानपणीच गेलेली. हेमा कधी तक्रार करीत नसे. पण संध्याकाळी गॅलरीत उभी राहून मिठागरांवरून येणारा वारा ती अशा काही तन्मयतेनं हुंगत असे, की मला वाटे, हिला समुद्राची ओढ लागली आहे. मग समुद्रच घरी का आणू नये? प्रेमात पडलेल्या माणसाच्या बुद्धीला अशक्य असं काय असतं!

मी टाकी बनवून घेतली, जुहूच्या किनाऱ्यावरून कॅन भरभरून खारं पाणी वाहिलं, अंधेरीच्या दुकानातून बोटाएवढे मासे आणले. पहिले काही दिवस ते पाणी इतकं नितळ होतं, की त्याच्यापलीकडच्या भिंतीवरचे पोपडेसुद्धा सुंदर दिसत. आणि मग ही अशी सकाळ उगवली.

गढूळपणा माणसाला का सहन होत नाही? घाण दिसली की ती उपसून टाकावी, एवढाच उपाय आपल्याला ठाऊक असतो. मीही तेच केलं. अर्धंअधिक पाणी उपसलं, पुन्हा जुहू गाठलं, नवं पाणी ओतलं, वाळू ढवळून धुतली. मासे भुकेले असतील म्हणून वर चार घास जास्तच टाकले. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी दाट! मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले, आणि संध्याकाळी त्यांतला एक तळाशी आडवा झालेला दिसला.

हेमानं तो ओंजळीत घेतला आणि अचानक तिला रडू कोसळलं.

"टोपल्या भरभरून मासे साफ केलेत रे मी आयुष्यात," ती म्हणाली, "आणि या एवढुशा जिवासाठी रडतेय बघ."

"आपण दुसरा आणू ना."

"नको. तू सारखं आणतोस, ओततोस, ढवळतोस. थांब ना जरा." मग खूप हळू आवाजात म्हणाली, "मला समुद्र नको होता रे. मला बा हवा होता."

इतके दिवस मी एका तहानेला भलतंच पाणी पाजत होतो!

शेजारच्या सबनीसबाई महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत. त्यांना बोलावून आणलं. टाकीकडे पाहून त्या हसल्या. "अहो, घाबरता काय? नव्या टाकीत हे होतंच. डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात वस्ती करतायत, त्यांच्या गर्दीनं पाणी पांढरं दिसतंय. वस्ती स्थिरावली की तेच पाणी स्वच्छ राखतील. खाणं अगदी चिमूटभर टाका, हवा चालू ठेवा, आणि कृपा करून पाण्यात हात घालू नका."

म्हणजे ती मलिनता नव्हतीच. नव्या जागी रुळू पाहणाऱ्या जीवनाची ती लगबग होती. टाकीला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं. पण रिकामा हात स्वस्थ बसेना. काही गढूळपणात हात घालू नये, आणि काहींत घातल्यावाचून ते कधीच निवळत नाहीत. कोणता कोणत्या जातीचा, हे कुठल्या शास्त्रात लिहिलेलं असतं?

रविवारी पाणी मागायच्या बहाण्यानं एक रिकामा कॅन घेऊन मी वेसाव्याला गेलो. हेमाचे वडील अंगणात जाळं सांधत बसले होते. मला पाहून त्यांनी हात थांबवला नाही, पण "जा" असंही म्हणाले नाहीत.

"घरी मासे पाळलेत," मी चाचरत म्हणालो. "पाणी गढूळ झालंय. एक मेला. हेमा रडली."

"रडली?" आता हात थांबला. "माश्यासाठी?"

"माशाचं निमित्त झालं."

त्यांनी जाळ्याची अर्धी राहिलेली गाठ आवळली. "मासा धराचा, ह्यो आमचा काम. जगवाचा कसा, मना काय म्हाईत?" मग कॅनकडे बोट दाखवून म्हणाले, "ठेव तितं."

घराचा पत्ता सांगून मी तो ठेवून आलो. हेमाला काही सांगितलं नाही. खोटी आशा लावायची माझी छाती नव्हती.

टाकीतलं धुकं मात्र दिवसागणिक विरळ होत गेलं. आधी वाळूची कड उमटली, मग शिंपले, मग माशांच्या अंगावरचे पट्टे. आणि एका सुट्टीच्या सकाळी पाणी असं निखळ झालं, की मासे हवेतच तरंगताहेत असं वाटावं. आम्ही दोघं टाकीसमोर बसलो होतो, तेवढ्यात बेल वाजली.

दारात हेमाचे वडील. खांद्यावर भरलेला कॅन, इस्त्रीचा सदरा घामानं चिंब.

"भायेरचा पाणी हाय, खोल दर्यातला," ते म्हणाले आणि आत नजर जाताच थबकले. "ह्ये तर साफ हाय की गो! मंग ह्यो कशाला आनला मी?"

"असू दे बा," हेमा कशीबशी म्हणाली. "तू आत ये."

ते टाकीसमोर उकिडवे बसले. एक मासा काचेजवळ येऊन त्यांच्याकडे टक लावून पाहू लागला. त्यांनी मान कलती केली, तसा तोही वळला. "जलमभर मासं बघितलं," ते पुटपुटले, "पन माश्यानं मना बघितला, त्यो आज पयल्यांदा."

दुपारी हेमानं बोंबलाचं कालवण केलं आणि टाकीशेजारीच पानं मांडली. वडिलांनी घास उचलला, टाकीकडे चोरटी नजर टाकली, आणि ताट घेऊन सरळ उठले.

"त्याच्या म्होरं नको गो बाय. त्याला काय वाटंल!"

हेमा इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आम्हीही आपापली ताटं उचलून त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. ओटा आणि भिंतीमधल्या त्या अरुंद जागेत तिघांचे गुडघे एकमेकांना लागत होते, आणि कुणालाही बाहेर जाऊन ऐसपैस बसावंसं वाटत नव्हतं.